निकेल-डीएमजी: लाल अवक्षेप पाडायचा, वाळवायचा आणि तोलायचा कसा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र घेतलं की ग्रॅव्हिमेट्रीच्या, म्हणजे पदार्थ घन रूपात वेगळा करून तोलून मोजण्याच्या, प्रयोगांच्या यादीत निकेल बहुधा असतंच. बघायला हे प्रॅक्टिकल भाव खाऊन जातं. निकेलचं हिरवट द्रावण, त्यात डीएमजी हे बिनरंगी रिएजंट, वरून अमोनियाचे थेंब, आणि बघता बघता बीकरभर डाळिंबी लाल अवक्षेप, म्हणजे द्रावणातून वेगळा होणारा घन. इतका देखणा अवक्षेप पडल्यावर काम फत्ते झालं असं वाटतं, आणि नेमकं तिथून पुढेच उत्तर घसरायला लागतं.

नवख्यांना माझं सांगणं एवढंच असतं की पायऱ्या पाठ करू नका. या रेणूची बांधणी एकदा नीट समजली, की आधी आम्ल का, अमोनिया शेवटी का, स्पिरिट (अल्कोहोल) बेताचंच का, हे आपोआप कळतं. मग जर्नल पाहून काम करावं लागत नाही आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) घामही फुटत नाही.

आधी रेणू

डायमिथाइलग्लायॉक्झाइम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं डीएमजी, ही पांढरी स्फटिकी पूड असते. रेणुभार ११६.१२. पाण्यात ती फारशी विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. लेव्ह चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने निकेल आणि डीएमजीची ही लाल अभिक्रिया १९०५ मध्ये मांडली. दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, जर्मनीच्या ओटो ब्रुंक यांनी तिच्यावरून निकेल तोलण्याची पद्धत बसवली. आज आपण करतो ती मुळात तीच.

डीएमजीच्या रेणूत दोन नायट्रोजन जवळजवळ असतात आणि प्रत्येकाला एक ओएच गट असतो. निकेलच्या एका आयनाला असे दोन रेणू दोन बाजूंनी धरतात. चार नायट्रोजन चार कोपऱ्यांवर, निकेल मधोमध, आणि सगळं एकाच पातळीत. धरताना प्रत्येक डीएमजी आपला एक हायड्रोजन आयन सोडून देतो. निकेलचे दोन धन भार आणि दोन डीएमजींचा एकेक ऋण भार यांची बेरीज शून्य होते. उरलेले दोन हायड्रोजन समोरासमोरच्या ऑक्सिजनांच्या मध्ये हायड्रोजन बंधाचे पूल बांधतात. म्हणजे पाण्याला पकडायला एरवी जे ओएच गट मोकळे असते, ते आतल्या आतच गुंतून पडतात. वर भार नाही, पाण्याला धरायला जागा नाही, म्हणून हे संयुग पाण्यात विरघळत नाही.

याच बांधणीतून तीन गोष्टी निघतात आणि सगळी कृती त्यांच्यावर उभी आहे. एक, अवक्षेप पडताना हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे द्रावणात आम्ल जास्त असेल तर अभिक्रिया उलटी फिरते आणि लाल अवक्षेप चक्क विरघळतो. पीएच, म्हणजे द्रावण किती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, साधारण ५ ते ९ मध्ये हवा. दोन, भार नसलेलं हे संयुग पाण्याला दाद देत नसलं तरी स्पिरिटमध्ये थोडं विरघळतं. तीन, रेणू सपाट असल्यामुळे ते घन अवस्थेत नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक बसतात. वरच्या आणि खालच्या निकेलमधलं अंतर अवघं ३.२५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). तो गडद लाल रंग या चळतीचा आहे. हेच संयुग क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा, चळत मोडते आणि द्रावण पिवळं दिसतं. शिकवताना हा प्रयोग जरूर करून दाखवावा, दोन मिनिटांचं काम आहे.

जाता जाता चुंबकत्वाचंही सांगतो, कारण परीक्षक हटकून विचारतात. पाण्यातल्या हिरव्या निकेलभोवती पाण्याचे सहा रेणू असतात आणि त्यात जोडी नसलेले दोन इलेक्ट्रॉन असतात, म्हणून ते पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढलं जाणारं. डीएमजीच्या सपाट चौकोनात आठही डी-इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, म्हणून ते डायमॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे न ओढलं जाणारं.

किती घ्यायचं

हा अवक्षेप फुगीर असतो. ५० मिलिग्रॅमच्या आसपास निकेल घेतलं तरी गाळायचं क्रुसिबल (तळाला बारीक जाळी असलेली काचेची वाटी) बऱ्यापैकी भरतं. जास्त घेतलं तर गाळायला संध्याकाळ होते आणि धुणंही नीट होत नाही.

अमोनियम निकेल सल्फेटचा, म्हणजे सहा पाण्याच्या रेणूंसकट त्या दुहेरी क्षाराचा रेणुभार ३९५ धरा. त्याचे ०.३९५ ग्रॅम घेतले की त्यात ५८.७ मिलिग्रॅम निकेल येतं. ०.३ ते ०.४ ग्रॅमच्या मध्ये कुठेही घ्या, पण चार दशांश स्थळांपर्यंत तोलून घ्या. कॉलेजात तयार द्रावण देऊन पिपेटने २५ मिली काढायला सांगितलं असेल तर प्रश्नच मिटला.

रिएजंट म्हणजे डीएमजीचं स्पिरिटमधलं १ टक्का द्रावण, १ ग्रॅम पूड १०० मिली रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये. दर १० मिलिग्रॅम निकेलला हिशेबाने ४ मिली लागतं, आपण ५ मिली धरतो. वरच्या मापाला ३० मिली, फार तर ३५. बाटली गढूळ दिसली तर आधी गाळून घ्या.

अवक्षेप पाडणं

इथे घाई नको. बाकीची सगळी कामं सावरून घेता येतात, हे एकच येत नाही.

क्षार थोड्या पाण्यात विरघळवा, ५ मिली एकास-एक (आम्ल आणि पाणी सारखं) हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि पाणी घालून सुमारे २०० मिली करा. अवक्षेप अल्कधर्मी द्रावणात पडतो, मग आम्ल कशाला, हा पहिला प्रश्न. उत्तर वर येऊन गेलं आहे: आम्लात अवक्षेप पडत नाही म्हणूनच. निकेल आणि डीएमजी शांतपणे एकत्र मिसळू द्यायचे आणि मग पीएच हळूहळू वर न्यायचा, म्हणजे सुरुवातीला मोजकेच कण तयार होतात आणि पुढे तेच वाढत जातात. कण मोठे झाले की गाळायला सोपे आणि धुवायलाही सोपे.

द्रावण ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. आता बर्नर बंद करा किंवा बीकर वॉटर बाथवर हलवा. पुढे स्पिरिट घालायचं आहे आणि उघड्या ज्वाळेशेजारी गरम स्पिरिटची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. डीएमजी घाला, ढवळा. या क्षणी द्रावण हिरवटच राहिलं पाहिजे. आत्ताच लाल दिसायला लागलं तर आम्ल कमी पडलं आहे, दोन थेंब आम्ल घालून पुन्हा स्वच्छ करून घ्या.

लगेच सौम्य अमोनिया, थेंब थेंब. थेंब थेट द्रावणाच्या मधोमध पडू द्या, बीकरच्या भिंतीवरून ओघळू देऊ नका. भिंतीवरून गेला तर तिथल्या तिथे अमोनिया जास्त होतो, बारीक अवक्षेप काचेलाच धरतो आणि तो सोडवताना नाकी नऊ येतात. काचकांडी सतत फिरती ठेवा. पहिले काही थेंब नुसते आम्ल मारण्यात जातात, काहीच दिसत नाही. मग थेंब पडतो तिथे एक लाल ढग उठतो आणि ढवळताच विरून जातो. पुढचा ढग विरायला जरा वेळ घेतो. हीच वेळ हात आखडता घ्यायची. इथे सावकाश राहिलात तर अवक्षेप रेशमी, जड आणि एकसारखा येतो. भसाभस ओतलात तर गुलाबी लगदा.

ढग विरायचा थांबला आणि सगळं लाल झालं की आणखी थोडाच अमोनिया घाला, द्रावणावर हलका वास येईल इतका. नाकावर विसंबू नका, काचकांडीने एक थेंब पीएच पेपरवर ठेवून बघा. अमोनिया भरमसाट झाला तर तो निकेलशी स्वतःच निळं-जांभळं संयुग करून बसतो आणि अवक्षेप पुरता पडत नाही.

याहूनही मोठे स्फटिक हवे असतील तर अमोनियाऐवजी युरिया घालून द्रावण तापवतात. गरम पाण्यात युरिया फुटतो आणि अमोनिया बीकरच्या आतच, सगळीकडे सारखा, हळूहळू सुटतो. वेळ जास्त लागतो, पण अवक्षेप पाहण्यासारखा होतो. वेळापत्रकात बसत असेल तर एकदा करून बघा.

बीकर वॉच ग्लासने झाकून वॉटर बाथवर २० ते ३० मिनिटं ठेवा. अवक्षेप खाली बसला की वरच्या स्वच्छ द्रावणात डीएमजीचे दोन थेंब टाका. नवा लाल ढग उठला नाही म्हणजे निकेल पूर्ण उतरलं. मग बाहेर काढून तासभर थंड होऊ द्या. गरम असतानाच गाळू नका, स्पिरिट मिसळलेल्या गरम पाण्यात थोडा अवक्षेप विरघळलेला राहतो.

गाळणं, धुणं, वाळवणं

क्रुसिबल जी-४ सिंटर्ड ग्लासचं, म्हणजे बारीक छिद्रांच्या काचेच्या जाळीचं. ते आदल्या दिवशीच ११० ते १२० अंशांवर वाळवून, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत तोलून ठेवा. स्थिर म्हणजे लागोपाठच्या दोन वजनांत ०.०००३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको. फिल्टर पेपर इथे चालत नाही, कारण हा अवक्षेप जाळून त्याचं ऑक्साइड करायचं नसून जसाच्या तसा तोलायचा आहे.

सक्शन हलकं ठेवा. आधी वरचं द्रावण ओता, मग अवक्षेप. या अवक्षेपाची एक खोड आहे. तो ओल्या काचेवरून वर चढतो. क्रुसिबल काठोकाठ भरलंत तर काठ ओलांडून बाहेर येतो. दोन तृतीयांशाच्या वर कधीच भरू नका. बीकरला चिकटलेले कण रबरी टोकाच्या काचकांडीने खरवडून, धुण्याच्या बाटलीतल्या पाण्याने खाली आणा.

धुवायचं थंड पाण्याने, थोडं थोडं घेऊन, क्लोराइड जाईपर्यंत. ते गेलं की नाही हे सिल्व्हर नायट्रेटने पाहताना गाळून खाली आलेल्या पाण्यात आधी सौम्य नायट्रिक आम्ल घाला. न घालता तपासलंत तर पाण्यातल्या अमोनियात सिल्व्हर क्लोराइड विरघळलेलंच राहतं, पाणी स्वच्छ दिसतं, आणि क्लोराइड संपलं नसताना संपल्यासारखं वाटतं. धुण्यासाठी स्पिरिट मात्र वापरू नका. जास्तीच्या डीएमजीच्या पांढऱ्या सुया घालवायला म्हणून काहीजण वापरतात आणि सुयांबरोबर थोडं निकेलही घालवून बसतात.

११० ते १२० अंशांवर पाऊण तास वाळवा, डेसिकेटरमध्ये पूर्ण थंड करा, तोला. पुन्हा अर्धा तास ओव्हन, पुन्हा तोला. तापमान वाढवून वेळ वाचवायचा मोह आवरा, जास्त तापवलं तर हा अवक्षेप उडून जायला लागतो.

हिशेब

अवक्षेपाचा रेणुभार २८८.९, निकेलचा अणुभार ५८.६९. भागाकार ०.२०३२, म्हणजे अवक्षेपात २०.३२ टक्के निकेल. वजनाला या आकड्याने गुणायचं, बस.

समजा ०.३९५० ग्रॅम क्षारातून ०.२८६० ग्रॅम अवक्षेप मिळाला. निकेल निघालं ०.०५८१ ग्रॅम. यायला हवं होतं ०.०५८७. म्हणजे सुमारे १ टक्का कमी. या पद्धतीचं खरं बळ याच गुणकात आहे: तोलताना १ मिलिग्रॅमची चूक झाली तरी निकेलच्या उत्तरात ती ०.२ मिलिग्रॅम इतकीच उतरते. म्हणून उत्तर फार चुकलं तर तराजूला दोष देऊ नका, बीकरकडे बघा.

उत्तर कमी आलं असेल तर बहुधा स्पिरिट जास्त झालेलं असतं, अमोनिया जास्त झालेला असतो किंवा बीकरला अवक्षेप राहिलेला असतो. जास्त आलं असेल तर डीएमजी जास्तीचं पडलंय. पाण्यात ते विरघळून राहू शकत नाही, थंड होताना स्वतःच स्फटिक होतं. लाल अवक्षेपात पांढऱ्या बारीक सुया चमकताना दिसल्या की समजा तेच. दुसरी शक्यता अर्थातच नीट न वाळण्याची. गाळून खाली आलेलं पाणी लालसर दिसलं तर क्रुसिबलची जाळी जाड आहे किंवा कण फार बारीक पडलेत. तेच पाणी पुन्हा त्याच क्रुसिबलमधून सोडा.

क्रुसिबल स्वच्छ करताना जाळीला चमच्याने किंवा ब्रशने हात लावू नका. गरम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओता, लाल रंग क्षणात विरतो, मग उलट्या दिशेने पाणी ओढून घ्या. ते आम्ल आणि गाळून खाली आलेलं पाणी दोन्ही सिंकमध्ये न टाकता निकेलच्या टाकाऊ बाटलीत. निकेलच्या संयुगांची त्वचेला अ‍ॅलर्जी होते आणि त्यांची धूळ श्वासातून जाणं कर्करोगाला कारण ठरतं. हातमोजे घाला, वाळलेला लाल अवक्षेप खरवडून उडवत बसू नका. तो क्रुसिबलमध्येच आम्लाने विरघळवा.

स्टीलमधलं निकेल

कॉलेजबाहेर या संयुगाचा मोठा उपयोग इथेच झाला. भांड्यांच्या आणि भंगाराच्या बाजारात ‘दोनशे दोन’ आणि ‘तीनशे चार’ हे स्टेनलेस स्टीलच्या प्रतींचे आकडे रोज ऐकू येतात. ३०४ मध्ये निकेल ८ ते १०.५ टक्के असतं, २०२ मध्ये ४ ते ६. दोन्हींना चुंबक धड चिकटत नाही, म्हणून चुंबक लावून त्यांच्यातला फरक कळत नाही. किमतीत मात्र फरक पडतो. आता बहुतेक ठिकाणी यंत्राने तपासतात, पण यंत्राचं उत्तर पडताळून पाहायला बीकर आजही उपयोगी पडतो.

३०४ चा अर्धा ग्रॅम कीस घेतला की निकेल बरोबर ४० ते ५० मिलिग्रॅममध्ये येतं. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, फ्यूम हूडखाली नायट्रिक आम्ल घालून तपकिरी वाफ जाईपर्यंत उकळा. याने सगळं लोह फेरिक (तीन धन भारांचं) होतं. ते फेरस (दोन धन भारांचं) राहिलं तर डीएमजीबरोबर त्याचाही लाल रंग येतो आणि निकेलचा अंदाज चुकतो.

पण मग अमोनिया घालताच फेरिक लोह आणि क्रोमियम हायड्रॉक्साइड होऊन सगळा चिखल होणार. म्हणून आधी काही ग्रॅम टार्टारिक आम्ल. ते लोहाला आणि क्रोमियमला द्रावणातच धरून ठेवतं. पुरेसं झालं का हे पाहायची सोपी युक्ती आहे. डीएमजी घालायच्या आधीच अमोनिया घालून द्रावण अल्कधर्मी करा. स्वच्छ राहिलं तर ठीक, गढुळलं तर आम्ल घालून पुन्हा स्वच्छ करा आणि टार्टारिक वाढवा. मग परत किंचित आम्लधर्मी करून वर सांगितलेली कृती तशीच. कोबाल्ट आणि तांबं असेल तर डीएमजी जास्त लागतं, कारण तेही लाल अवक्षेप न देता रिएजंट खातात. पहिला अवक्षेप मळकट वाटला तर आम्लात विरघळवून दुसऱ्यांदा पाडा. वैताग येतो, पण दुसऱ्यांदाचा रंग पाहिला की पहिल्यात काय काय होतं ते कळतं.

डीएमजीला निकेलशिवाय दुसरा जोडीदार आहे तो पॅलेडियम. पण तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातही पिवळा अवक्षेप देतो, जिथे निकेल गप्प राहतं. त्यामुळे गफलत होण्याचं कारण नाही.

कापसाच्या बोळ्यावर

तोलायचं नसेल, नुसतं आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर कापसाचा बोळा पुरतो. त्यावर डीएमजीच्या द्रावणाचे दोन थेंब, सौम्य अमोनियाचे दोन थेंब, आणि धातूवर अर्धा मिनिट घासायचं. गुलाबी आलं की निकेल सुटतंय. तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं जुनं पाच रुपयांचं नाणं यासाठी उत्तम नमुना आहे, त्यात एक चतुर्थांश निकेल असतं. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा, चुंबकाला चिकटतो. पण तो घरात असेल तर त्यावर बोळा घासू नका, संग्राहक हळहळतील.

इमिटेशन दागिने, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण यांनी ज्यांच्या त्वचेला खाज येते त्यांच्यासाठी ही चाचणी कामाची आहे. दागिना अंगावरून काढून, पाठीमागच्या बाजूला घासा, नंतर पाण्याने धुवून पुसा. युरोपात १९९४ पासून अशा वस्तूंमधून निकेल किती सुटावं याची मर्यादा घातलेली आहे: त्वचेला बराच वेळ टेकणाऱ्या वस्तूंना आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅम, आणि कान-नाक टोचून घालायच्या दांडीला आता ०.२. बोळ्याची चाचणी इतकं बारीक मोजत नाही. शिवाय चांगल्या ३०४ स्टीलवर ती बहुधा कोरी जाते, कारण वरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर निकेलला बाहेर येऊ देत नाही. तेव्हा बोळा पांढराच राहिला तर निकेल नाही असं लिहू नका, ‘सुटत असल्याचं दिसलं नाही’ एवढंच लिहा. आणि ज्याला जुनी अ‍ॅलर्जी आहे त्याने ती दांडी तरीही कानात घालू नये.